किलियनची अकरा टिकमार्कं

फॉर्ममध्ये सोळा प्रश्न होते आणि किलियनच्या फॉर्मवर त्यातल्या अकरा प्रश्नांपुढे टिकमार्क होतं.

"अकरा!" प्रिन्सिपल शेमस फोनवर म्हणाले. "आठच्या वर गेलं की हाय रिस्क, असं खाली लिहिलंय. डॉक्टर, तुम्ही आजच याल का?"

तो मे २०२१ मधला मंगळवार होता. मी तेव्हा किलकेनीकडच्या भागात मुलांच्या मानसोपचार टीममध्ये रजिस्ट्रार होते. रजिस्ट्रार म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरच्या हाताखालची डॉक्टर. निर्णय वरचे घेतात, धावपळ आम्ही करतो. माझी बॉस डॉ. नूला म्हणाली, "जाऊन बघून ये. बहुतेक काही नसेल. पण बहुतेकवर मी सही करत नाही."

शाळा अर्ध्या तासावर. आजूबाजूला मेंढ्यांची कुरणं. आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, मुलांच्या चेंजिंग रूमच्या दारावर मार्करने लिहिलेलं सापडलं होतं : 'बुधवारी सगळ्यांना पस्तावावं लागेल.' त्यात वेन्सडेचं स्पेलिंग चुकलं होतं. कोणी लिहिलं ते माहीत नव्हतं, पण कोणी लिहिलं असणार याबद्दल शाळेत एकमत होतं. पाचव्या वर्षातला, म्हणजे आपल्या अकरावीतला, किलियन.

फॉर्म कुठल्याशा अमेरिकन शाळेच्या वेबसाइटवरून घेतला होता. काळे कपडे घालतो का? एकटा असतो का? हिंसक चित्रं काढतो का? शूटिंगचे गेम्स खेळतो का? शेवटच्या ओळीत इमर्जन्सीचा नंबरही अमेरिकेचाच राहिला होता. नववा प्रश्न होता : घरात बंदूक आहे का? त्यापुढे व्हाइस प्रिन्सिपलनी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'लागू नाही. हे आयर्लंड आहे.'

इथे आमच्या धंद्यातल्या दोन शब्दांतला फरक सांगायला हवा. रिस्क फॅक्टर म्हणजे घराण्यात मधुमेह असणं. वॉर्निंग साइन म्हणजे आज सकाळी चक्कर येऊन पडणं. त्या फॉर्ममध्ये यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. माणसाच्या शर्टाचा रंग बघून मधुमेह ओळखावा, तसा तो फॉर्म होता. काळे कपडे घालणारी, एकटी बसणारी, गेम्स खेळणारी मुलं प्रत्येक शाळेत बाकभर असतात. त्यातली बहुतेक पुढे अकाउंटंट होतात.

किलियनला सोमवारपासून प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर एका खुर्चीवर बसवलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बघत होता. सगळ्यांपासून तोडलं जाणं आणि चारचौघांत अपमान होणं हे दोन खरे रिस्क फॅक्टर असतात. फॉर्मवर ते नव्हते, पण शाळेने आपल्या परीने पुरवले होते.

घोट्यापर्यंत लांब काळा कोट. मास्कही काळा.

"हा कोट?" मी विचारलं.

"भावाचा. तो ऑस्ट्रेलियाला गेला. तिकडे गरम असतं."

"चित्रांत इतक्या बंदुका का काढतोस?"

तो जरा ओशाळला. "मला बोटं काढता येत नाहीत. हातात बंदूक दिली की बोटं लपतात."

मी वही चाळली. खरं होतं. सुरुवातीच्या पानांवरची बोटं गाजरांसारखी होती. मग बंदुका सुरू झाल्या होत्या.

"दारावर तू लिहिलंस?"

"मी लिहिलं असतं तर स्पेलिंग बरोबर असतं," तो म्हणाला. याचं त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

तासभर बोललो. कुणावर राग नाही, काही ठरवलेलं नाही, घरी सगळं ठीक. पुढच्या वर्षीसाठी ॲनिमेशनचा कोर्स शोधून ठेवलेला. मी शेमसना सांगितलं, हा मुलगा नाही.

"पण अकरा टिकमार्कं आहेत, डॉक्टर."

"हो. तरी हा नाही. आणि ज्याने लिहिलंय तो अजून वर्गात बसलाय. उद्या बुधवार आहे."

शेमस वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली आणि टेकले. "मग कोण?" ते म्हणाले. "बाकी सगळी ग्रँड मुलं आहेत." ग्रँड म्हणजे इथे 'ठीक आहे'. आयर्लंडमध्ये पाय मोडला तरी माणूस ग्रँडच असतो.

मी नूलाला फोन करायला बाहेर आले. नेटवर्क फक्त ऑफिसच्या खिडकीपाशी मिळायचं. आत प्लास्टिकच्या पडद्यामागे ब्रीडा बसली होती. ती शाळेची सेक्रेटरी. उशिरा आलेलं, लवकर जाणारं, पोट दुखणारं, डबा विसरलेलं प्रत्येक मूल त्या खिडकीवरूनच जायचं. ती वीस वर्षं तिथे होती.

"तुम्ही डॉक्टर ना?" ती म्हणाली. "डाराचं काय करणार?"

"डारा कोण?"

ब्रीडाने इकडेतिकडे बघितलं आणि पडदा बाजूला केला. "पाचव्या वर्षातलाच. मेंढपाळ मिकचा मुलगा. हर्लिंगमध्ये त्याचा हात कुणी धरू शकत नाही." हर्लिंग म्हणजे इथला काठीचेंडूचा खेळ. किलकेनीत तो खेळाच्या बराच पुढे गेलेला आहे. "जानेवारीत त्याची आई गेली. तेव्हा दफनाला दहाच माणसांची परवानगी होती. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो आणि गाडी समोरून गेली. बस. शाळा उघडल्यावर आला आणि म्हणाला, ग्रँड."

"मग?"

"दोन आठवड्यांपूर्वी प्रॅक्टिसमध्ये तो रडला. मैदानात खाली बसून. टीममधल्या कुणीतरी व्हिडिओ काढला. खाली विनोदी गाणं लावलं. सगळ्या ग्रुपमध्ये फिरला तो. गेल्या गुरुवारी त्याने आपली काठी पहिल्या वर्षातल्या एका पोराला देऊन टाकली. ती काठी तो उशाशी घेऊन झोपायचा, डॉक्टर. आणि शुक्रवारी त्याचा मित्र मला विचारत होता, बुधवारी गैरहजर राहायला चिठ्ठी लागेल का. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, डारा म्हणतोय बुधवारी येऊ नकोस."

मी फोन खिशात टाकला.

"हे कुणाला सांगितलंत?"

"व्हाइस प्रिन्सिपलना. शुक्रवारीच. आणि काल दारावरचं सापडल्यावर परत. ते म्हणाले, डारा सोन्यासारखा मुलगा आहे, तुम्ही फोन बघा."

आमच्यात याला लीकेज म्हणतात. असं काही करायला निघालेली मुलं अनेकदा आधी कुणाला तरी सांगतात, अर्धवट, वाकड्या वाटेने. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, जवळच्याला 'त्या दिवशी येऊ नकोस' म्हणणं. चक्कर येऊन पडणं ते हे. फक्त ते बघायला कुणीतरी खिडकीत बसलेलं लागतं.

मी धावतच शेमसकडे गेले. "डाराचे वडील शेती करतात?"

"हो. मेंढ्या आहेत."

"कोल्हे येतात मेंढ्यांवर?"

"येतात की. सगळ्यांकडेच—" शेमस बोलता बोलता थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मला मास्कच्या वरूनही दिसला. कोल्ह्यांसाठी, कावळ्यांसाठी इथल्या कित्येक शेतकऱ्यांकडे परवान्याची शॉटगन असते. फॉर्मच्या मते हे आयर्लंड होतं.

परत खिडकीपाशी येऊन मी नूलाला फोन लावला. ती दोनच वाक्यं बोलली. "त्याला बसने घरी जाऊ देऊ नकोस. गार्डांना मी कळवते." गार्डा म्हणजे इथले पोलीस.

डारा गणिताच्या वर्गात पहिल्या बाकावर होता. शेमस त्याला स्वतः घेऊन आले, दप्तरासकट. उंच, नीटनेटका, शर्ट आत खोचलेला. फॉर्म भरला असता तर दोन टिकमार्कं जेमतेम मिळाली असती.

"कसा आहेस?"

"ग्रँड."

अशा वेळी सरळ विचारायचं असतं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेलं येतं, हा लोकांचा समज आहे. असलेलं बाहेर येतं.

"डारा, उद्या तू कुणाला मारणार होतास? की स्वतःला?"

खिडक्या कोविडमुळे सताड उघड्या होत्या. बाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"आधी त्या व्हिडिओवाल्यांना," तो म्हणाला. "मग मला. पुढचं नीट ठरवलं नव्हतं."

"बंदूक कुलपात असते ना?"

"किल्ली प्रेसमध्ये असते." प्रेस म्हणजे इथे स्वयंपाकघरातलं कपाट. "चहाच्या डब्यामागे. मॅमनेच ठेवली होती तिथे, कुणाला सापडू नये म्हणून."

मॅम म्हणजे आई. तो शब्द तोंडातून गेला आणि तो रडायला लागला. मी मास्कचा नियम, दोन मीटरचा नियम, सगळं सोडून त्याच्या शेजारी जाऊन बसले. दप्तरात मोज्यात गुंडाळलेली दोन काडतुसं होती. ती त्यानेच काढून टेबलावर ठेवली, गृहपाठ द्यावा तशी.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं आणि विचारलं, "किलियनला बाहेर का बसवलंय?"

"लोकांना वाटलं दारावर त्याने लिहिलं."

"किलियनने?" तो खरोखर चकित झाला. "तो मुंगीसुद्धा मारणार नाही." मग जरा थांबून म्हणाला, "मी चार दिवस वाट बघत होतो, कुणी मला विचारतंय का."

संध्याकाळच्या आत गार्डांनी बंदूक ताब्यात घेतली. वडील, मिक, दवाखान्याच्या आवारात माझ्यासमोर टोपी हातात धरून उभे होते. "तो रोज नीट जेवायचा," ते म्हणत होते. "रोज ताट साफ करायचा, डॉक्टर. मला कसं कळणार?" त्या घरात दोन माणसं शोक करत होती आणि दोघं एकमेकांना ग्रँड दिसत होती.

डारा काही आठवडे वॉर्डमध्ये राहिला, नंतर वर्षभर माझ्याकडे यायचा. गार्डांनीही समजुतीने घेतलं. शाळेचं शेवटचं वर्ष त्याने दुसऱ्या शाळेत केलं. त्याला रात्री झोप लागायला लागली, तो वडिलांशी भांडायला लागला. दोन्ही गोष्टी मी फाइलमध्ये प्रगती म्हणून लिहिल्या.

किलियनच्या आईने शाळेला पत्र लिहिलं की तो अकरा टिकमार्कांचा कागद फाडून टाका. शाळेने उत्तर दिलं की विद्यार्थ्यांची कागदपत्रं नियमाप्रमाणे काही वर्षं जपून ठेवावी लागतात. डाराचा फॉर्मच भरला गेला नव्हता, त्यामुळे त्याची पाटी कोरी आहे.

सप्टेंबरमध्ये शाळेने धोक्याची लक्षणं ओळखण्याचं एक दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं. बोलायला मला बोलावलं, सूत्रसंचालन व्हाइस प्रिन्सिपलनी केलं. सगळ्या शिक्षकांना सर्टिफिकेट मिळालं. ब्रीडाचं नाव यादीत नव्हतं. ट्रेनिंग फक्त टीचिंग स्टाफसाठी होतं आणि दिवसभर फोन घ्यायला कुणीतरी हवं होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही शाळेत गेले की आधी ऑफिसच्या खिडकीशी दहा मिनिटं थांबते. प्रिन्सिपलना वाटतं, मी व्हिजिटर रजिस्टरमध्ये सही करतेय.