यंदाची राणी

पाच डिसेंबर. अंगण झाडत होते, तेवढ्यात पाववाला पोदेर सायकलचा भोंगा वाजवत आला. पावाबरोबर तो पेडण्यातल्या जत्रांच्या नाटकांची बातमीही देतो: कुठे कोण राजा, पडदा कधी. बोलताना एक हात कायम मिशीच्या पिळावर.

"यंदा राणी माका दिल्यानी, वैनी. साडी मात्र मंडळाची, विटलेली."

त्याच्या गावात नाटकातली बायकांची कामे अजून पुरुषच करतात. आजवर हा नुसता भालदार.

"आणि ही मिशी?"

"ती परत येतली. राणी परत येवची नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हात सवयीने वर गेला आणि बोडक्या ओठावर थांबला. मी पाव घेतले, टोपलीवर माझा लग्नातला शालू ठेवला.

"पावडरीचे डाग पाडू नको," म्हटले.