अक्कांच्या नावाखालची ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. विहिरीत पडलेला बिबट्या मी धोतराने बांधून वर काढला, ते सांगितलंय — शंभर वेळा, आणि दरवेळी बिबट्या वीतभर वाढवून. बोरी नदीच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून अमळनेरपर्यंत वाहत गेलो, तिथे चहा घेतला आणि एसटीने परत आलो, तेही. गावाला माझ्या थापा पाठ आहेत. एक मात्र ठाऊक नाही. कारण ती मी तोंड न उघडता मारली.

तेव्हा सोसायटीच्या भिंतीवर काळा फळा होता. खत कधी येणार, कापसाच्या गाड्यांचा नंबर कधी, हे त्यावर असायचं. म्हणून सकाळी सगळं गाव तिथे. खालचा अर्धा फळा रिकामा. आमचे निवृत्त हेडमास्तर, नाना — त्यांनी तो चर्चेला मागून घेतला. दर सोमवारी एक प्रश्न. अटी तीन. मजकुराखाली नाव हवं. आजच्या मजकुराला उत्तर उद्याच. आणि आधी समोरच्याचं म्हणणं एका ओळीत, त्याला पटेल असं मांडायचं, मग आपलं. माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्या हातात. लोक सांगत, मी लिहीत असे.

हसू नका, पण त्या अटींनी माणसं बदलत होती. बांधावरून कुऱ्हाडी काढलेले दोन भाऊ एकमेकांचं म्हणणं सांगताना खडूसारखे पांढरे पडले, आणि तिसऱ्या दिवशी — इथे मी काही वाढवत नाहीये — एकच बिडी आळीपाळीने ओढत बसले.

मला मात्र कंटाळा येऊ लागला. फळ्यापुढे दहा-बारा माणसं. मी पारावर बिबट्या काढला की पन्नास! मग मीच नानांना म्हणालो, लाजणाऱ्यांसाठी डबा ठेवू, नाव नको. नानांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "ठेव. पण काय लिहायचं ते तू नीट निवड." तेलाचा रिकामा डबा, वर फट, किल्ली माझ्याकडे. चिठ्ठ्या मीच वाचायच्या, मीच उतरवायच्या, मीच फाडायच्या. फळ्यावर सगळं माझ्याच अक्षरात — म्हणजे कुणाचंच नाही.

गर्दी काय वाढली! "काय भो, आज धुलाई कोनले शे?" विचारत लोक सायकली आडव्या टाकून येत. आणि डबा रिकामा निघाला, की — होय — मीच लिहीत असे.

अक्का बालवाडी चालवत. फळ्यावर नावानिशी लिहिणारी गावातली एकटी बाई. धीर नानांनीच दिलेला. त्यांनी मांडलं: अमळनेरला कॉलेजात जाणाऱ्या आपल्या सहा मुलींना संध्याकाळी परतायला बस नाही, शेवटचे तास बुडतात, गावाने बससाठी अर्ज करावा. नानांनी, नावानिशीच, वेगळं सुचवलं — आधी कॉलेजला वेळ बदलायला सांगू. तेवढाच काय तो मतभेद. अर्जावर सह्या पडत होत्या.

आता सांगतो. सांगायचंच आहे ना? त्या आठवड्यात भांडण नव्हतं. सगळ्यांनाच बस हवी होती. अशा फळ्यापुढे कोण थांबणार? मी खडू उचलला आणि अक्कांच्या नावाखाली लिहिलं — "बसची घाई पोरींना की अक्कांना? ड्रायव्हर देखणा आहे म्हणे."

गाव हसलं. मीही गर्दीत उभा राहून हसलो, पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा. दुसऱ्या सकाळी डबा तुडुंब. त्यातल्या पाच मी उतरवल्या — निवडून, नीट. दुपारी नाना आले, उपरण्याने फळा पुसला, डबा काखेत मारून घेऊन गेले. पण पुसून काय होणार होतं? अर्जावरच्या सह्या एकेकाने खोडल्या. अक्कांना घरच्यांनी बालवाडी सोडायला लावली. सहाही पोरींचं कॉलेज सुटलं. चौघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात उरकली. बस आली नाही.

मग एका दुपारी अक्का माझ्या दारात. डोक्यावर पदर. शाळेतली भाषा त्यांनी बाजूला ठेवली होती. "भाऊ, चिठ्ठ्या तूच वाचस. तुले ठाऊक शे. खरं सांग — ती चिठ्ठी नानानी शे का?" नानांची का, एवढंच विचारत होत्या.

माझी आहे — दोन शब्द. म्हशीचं शेपूट धरून पूर पार करणाऱ्याला दोन शब्द जड का व्हावेत? मी खाली पाहिलं. अंगठ्याने बोटांवरचा खडू घासत राहिलो. अक्का थांबल्या. मग म्हणाल्या, "समजनं." आणि गेल्या.

आयुष्यभर मोठ्याने थापा मारल्या, एकीवरही कुणी विश्वास ठेवला नाही. ही गप्प राहून मारली — ती लगेच खरी झाली.

त्यानंतर नाना दिसले की अक्का रस्ता बदलत. नानांना कारण कधी कळलं नाही. एकदा त्यांनी मलाच विचारलं, "माझं काय चुकलं रे?" मी म्हणालो, "मनावर घेऊ नका, नाना. बायकांचं काय सांगावं?" त्यांनी मान हलवली. माझं पटलं त्यांना.

नाना गेले, त्या दिवशी गल्लीतली सगळी दारं उघडी होती. अक्कांचं बंद. पुढचा खांदा माझा होता. त्या दारापाशी सगळेच नकळत थबकले. कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. ते दार उघडायला माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "चला."