आता माझं रगत काढा

हळदीचा ट्रक चालवणारा तो माणूस सांगलीतल्या माझ्या लॅबमध्ये यायचा तो चिडूनच. बसायचा नाही, बाही वर करून उभा राहायचा. मुंबईच्या फेरीत एका बाईकडे गेल्याला वर्ष उलटलं होतं. रिपोर्ट दर वेळी निगेटिव्ह. तो उजेडाकडे धरून बघायचा.

"खोटं हाय हे. परत काढा."

"अहो, एड्स नाही तुम्हाला. इतक्या दिवसांनी केलेली तपासणी खरीच असते."

मलाही राग यायचा.

एकदा मागोमाग त्याची बायको आली. "वरीसभर येगळं ताट, येगळं अंथरूण. लेकीला शिवत न्हाईत. ह्यांचं बास झालं, आता माझं रगत काढा. त्येच्यावर तरी इस्वास बसतोय का बघू." तिनं हात पुढे केला.

त्यानं तो धरून खाली घेतला आणि सोडला नाही.

"नगं," म्हणाला. "चल घरी."