आत्याने तोललेली लगड

आत्याला अक्षरओळख नव्हती, पण वजनात तिला फसवील असा माणूस आमच्या बोनकोड्यात तरी जन्माला आला नव्हता. सुकी मासळी विकून तिचा हात असा बसला होता, की बोंबलांची जुडी उचलली की ती वजन सांगायची आणि तराजू नुसता मान डोलवायचा. आम्ही शाळेत जाणारी शहाणी मंडळी तिला हसायचो. आज त्याची लाज वाटते.

लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा विधवा आत्याने आपले सगळे जुने दागिने धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हवाली केले. पनवेलच्या सोनाराकडून ते आटवून लगड करून आणायची आणि तिच्यातून लेकीला नव्या घडणीचे दागिने करायचे, असं ठरलं. देण्याआधी तिने वैद्यबुवांचा औषधाचा काटा मागून आणला आणि ते तोलले. वजनं म्हणून जुने रुपये. जुना रुपया म्हणजे नेमका एक तोळा, हे तेव्हा पोरासोरांनाही ठाऊक होतं. दागिने आठ रुपयांना बरोबर उतरले.

वडील लगड घेऊन आले. आत्याने पुन्हा काटा मांडला. मधल्या काळात तिचा एक रुपया खर्ची पडला होता, तो वडिलांनी खिशातून काढून दिला. लगडीचं पारडं खाली गेलं. रुपयांच्या बाजूला सोनं तोलायच्या गुंजेच्या अकरा बिया टाकल्या, तेव्हा कुठे काटा सरळ झाला.

"बाय, जास्तच भरली की!" वडील खूश झाले. मी तर टाळ्याच पिटल्या.

आत्या हसली नाही. "सोनं आटवलं का घटतं, वाढत नाय. मंग ह्ये वाढलं कसं?"

थोडं सोनं काढून घेऊन त्यात तांबं मिसळलं असणार, हेच सगळ्यांच्या मनात आलं. ते सोनाराने मिसळलं, की सोनाराकडे एकटा गेलेल्या माणसाने मिसळवलं, एवढाच प्रश्न होता.

"बाय, तुला माझा संशय येतो?" वडिलांचा चेहरा पार उतरला होता. आत्या काट्याकडेच बघत होती. मला तिचा असा राग आला, की तो काटा उचलून खाडीत फेकावा.

तिने मात्र रुपये काढले आणि एकेक करून तळहातावर तोलून पाहिले. आठव्याला तिचा हात थांबला. "यो हलका हाय."

तो वडिलांनी दिलेला रुपया होता. नुकताच निघालेला नवा. दिसायला जवळपास तसाच, पण वजनाला कमी. आम्हा शिकलेल्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं. आईने देवापुढचा जुना रुपया आणून दिला. या खेपेला लगड तीन गुंजा कमी भरली.

"आता बराबर," आत्या म्हणाली. "येवढी घट जातेच."

विषय तिथे संपला असता. तिने तोंडाने कुणावर काही आळ घेतलाच नव्हता. पण ती वडिलांकडे वळली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बाला, मघाशी मी तुझ्याव शक घेतला. बोलले नाय, पन घेतला. मना माफ कर."

वडिलांचे डोळे भरून आले. "बोललीस ते बरं केलंस, बाय," ते म्हणाले, "नायतर तुझ्या पोरीच्या लग्नात मी कुठल्या तोंडानं उभा रायलो असतो?"