आईने थापलेला साबण

लालबागला आमच्या चाळीत एका दुपारी आईने घरी साबण केला. हौस म्हणून नाही... विकतचा परवडेना म्हणून.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. बाबा गिरणीत कामाला, ते सत्याग्रहाला गेले आणि तुरुंगात जाऊन बसले. चाळीत आम्हाला मान होता, पगार नव्हता.

घर चालायचं ते आईच्या खाणावळीवर. बायकामुलं गावी ठेवून आलेले कोकणातले दहाबारा गिरणी कामगार आमच्या खोलीत दोन्ही वेळ जेवायचे... तांदळाची भाकरी आणि कालवण. खाणावळ मोडली असती तर आम्हाला गावी जावं लागलं असतं, आणि गावची शाळा चौथीपुढे नव्हती.

माझी थोरली बहीण, ताई, तेव्हा सातवीत होती. सातवीची परीक्षा पास झालं की मास्तरीण होता येतं, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ती मला आणि शेजारच्या पोरांना जिन्यात बसवून पाढे म्हणायला लावायची. चुकलं की कान पिळायची, अगदी खऱ्या मास्तरणीसारखी.

हरताळ वाढले तसे जेवणाऱ्यांचे पैसेही मागेपुढे होऊ लागले. मग आईने त्यांचे कपडेही धुवायला घेतले. गिरणीतले कपडे ते... मशीनच्या तेलाने माखलेले, कापसाचे तंतू चिकटलेले. साबणाची वडी आणली की बघता बघता संपायची.

जेवणाऱ्यांत तात्या म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, मालवणकडचे, गिरणीच्या रंगखात्यात कामाला. खूप भला माणूस. त्यांनीच एक दिवस डब्यातून कॉस्टिक सोडा आणून दिला. "वयनी, तेलात ह्यो घातलो की साबण होता. पण वायचच घाला, जळता तेना," एवढं सांगून ते पाळीला गेले. तो कुठून आणला हे आईने विचारलं नाही. गावाहून आलेलं खोबरेल खवट होऊन पडलंच होतं.

हल्ली मी घरी साबण करायचे व्हिडिओ बघते. बायका हातमोजे घालतात, डोळ्यांना चष्मा लावतात, काट्यावर ग्रॅमग्रॅम मोजतात... आमच्या आईने आयुष्यात काही मोजलं नव्हतं. पीठ किती, पाणी किती, मीठ किती, सगळं तिच्या हाताला कळायचं. आणि त्या हातावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

तेलाच्या रिकाम्या डब्यात तिने खोबरेल आणि पाण्यात कालवलेला सोडा काठीने ढवळला. मिश्रण घट्ट यायला लागलं तसं परातीत ओतलं, आणि भाकरीचं पीठ मळावं तसं दोन्ही हातांनी मळायला घेतलं. "हाताक बुळबुळीत लागता. झालो साबण," ती ताईला म्हणाली. खुशीत होती. मळून झाल्यावर तिने त्याच्या वड्याही तळहाताने थापल्या, एकसारख्या गोल.

ती बुळबुळ साबणाची नव्हती... तिची कातडी जळत होती. आग व्हायला लागली तेव्हा हात धुतले, पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही तळहात सोलून लाल झाले.

भाकरीच्या पिठाच्या वाफाळत्या उकडीला हात लावणं सोडाच, तिला लुगड्याचा काष्टाही घालता येईना. दोन दिवस शेजारणीने भाकऱ्या करून दिल्या, पण तिचंही घर होतं. जेवणाऱ्यांपैकी दोघे समोरच्या चाळीतल्या खाणावळीत जाऊन आल्याचं आईच्या कानावर आलं आणि तिने ताईला चुलीपुढे बसवलं. "माजे हात बरे होईपर्यंत रव. मगे जा शाळेत."

पहिल्या भाकऱ्या फाटल्या, करपल्या. सगळे मुकाट्याने जेवले. ताई मात्र हट्टी... जे करायचं ते नीटच करायचं हा तिचा स्वभाव. बघता बघता तिच्या भाकऱ्या टम्म फुगायला लागल्या.

आईचे हात हळूहळू बरे झाले. नवी कातडी आली. ताईने पुस्तकं काढून ठेवली, दप्तराचा तुटलेला बंद शिवून घेतला. सोमवारपासून जायचं ठरलं.

त्या रविवारी सगळी पंगत बसली होती. तात्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, आणि ताईकडे बघत समाधानाने म्हणाले, "वयनी, आता तुमी वायच इसवा घेवा. चेडवाचो हात तुमच्यापरीस बरो. असली मऊ भाकरी अख्ख्या लालबागात गावाची नाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या खाणावळीतून परत आलेले ते दोघेही त्यात होते. ताई मान खाली घालून हसली. आई तिच्याकडे बघत राहिली... मग तिने आपल्या हातांकडे बघितलं.

सोमवारी तिने ताईला उठवलं ते पीठ मळायला. ताईने एकदा विचारलं, "आणि शाळा?" आई म्हणाली, "बाबा सुटान येवदेत." बाबा सुटून आले तोवर जेवणारे वाढले होते. परीक्षाही होऊन गेली होती.

खाणावळ टिकली. आम्ही मुंबईत राहिलो, मी शिकले, नोकरीला लागले. ताईने लग्न होईपर्यंत त्या चुलीपुढे भाकऱ्या थापल्या आणि नंतर सासरी. तिने कधी कुणाला दोष दिला नाही... तात्यांना तर नाहीच. तिच्या लग्नात सगळ्यांत जास्त रडले तेही तेच.

मारून, ओरडून कुणी तिची शाळा सोडवली असती तर आम्ही भांडलो असतो, रडलो असतो. ताईची शाळा कौतुकाने सुटली... आणि त्या पंगतीत मीही मान डोलावत जेवत होते, कारण भाकरी खरंच चांगली झाली होती.