भोंग्याची वाट पाहू नका

शरदमामा गेल्याचा फोन मालूमामीनेच केला. आवाज अगदी रोजचा होता. "मामा गेले गं. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि... तू ये हरणीच्या घरी." तिचं रडणं त्या दिवशी राहून गेलं, मला वाटतं, अजून राहिलेलंच आहे. महिना झाला. भेटायला येणाऱ्यांनी मामांना देवमाणूस म्हटलं, निरुपद्रवी म्हटलं. निरुपद्रवी! ज्या माणसाने स्वतः उभारलेल्या यंत्रणेविरुद्ध स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली आणि त्यापायी हातातलं काम घालवलं, त्याला हा शब्द लावलेला मला सहन होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मोबाइल नुकते लोकांच्या खिशात येऊ लागले होते, तेव्हा मकरपुऱ्यातल्या आपल्या छोट्या वर्कशॉपमधून मामा कारखान्यांना बिनतारी यंत्रणा बसवून देत. शहराबाहेरच्या एका रसायन कारखान्याने त्यांना मोठं काम दिलं. टाक्यांजवळ विषारी वायू ओळखणारे डबे बसवायचे. गळती झाली की एका डब्याने रेडिओवरून शेजारच्याला कळवायचं, त्याने पुढच्याला, असं करत निरोप कंट्रोल रूमला पोचला की सगळीकडे भोंगा वाजायचा. तारा टाकून उपयोग नव्हता, तिथल्या जमिनीत मुरलेलं आम्ल त्या खाऊन टाकत असे. मामांची चाचणी घेण्याची तऱ्हा मात्र त्यांची स्वतःची. सगळ्यात लांबच्या पंपघरात उभं राहून ते बटण दाबत आणि श्वास रोखून धरत. भोंगा ऐकू येईपर्यंत श्वास टिकला तर यंत्रणा पास. घड्याळ का नाही लावत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वायू घड्याळात जात नाही, छातीत जातो."

एके दुपारी गळती नसताना भोंगा वाजला. बाहेरच्या कुणाच्या तरी वायरलेस सेटवरून निघालेला संदेश डब्यांनी आपला समजून पुढे ढकलला होता. खोडी होती की चूक, ते कधीच कळलं नाही. माणसं पळाली, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि जयंतीभाई नावाचे ठेक्यावरचे कामगार खाली कोसळले. खुब्याचं हाड मोडलं. मग मॅनेजरने हुकूम काढला, की यापुढे प्रत्येक डब्याने आलेला निरोप गुप्त संकेताने तपासायचा, खात्री पटली तरच पुढे पाठवायचा. मामांनी तसं केलं. पण त्या वेळचे ते स्वस्तातले डबे, पडताळणीला वेळ घेत... प्रत्येक टप्प्यावर थोडासाच, पण टप्पे पुष्कळ. मामा पुन्हा पंपघरात जाऊन उभे राहिले. श्वास आधी सुटला, भोंगा नंतर वाजला.

त्यांनी तोडगा सुचवला. पंपघरातल्या डब्याने कुणालाही न विचारता तिथला भोंगा लगेच वाजवावा, बाकीचा कारखाना मात्र तपासणीनंतरच थांबवावा. निरोप खोटा निघाला, तर पंपघरातली चार माणसं बाहेर येऊन उभी राहतील, एवढंच. मॅनेजरला ते पटलं नाही. माणसं बाहेर आली म्हणजे पंप थांबले, पंप थांबले म्हणजे परदेशी ऑर्डर लांबली. कुणी शिंकलं तरी पंप बंद करायचे का, असं त्याने विचारलं म्हणे.

मी तेव्हा कॉलेजात होते. चळवळीतल्या, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवणाऱ्या घरातली मुलगी. दुसऱ्याच दिवशी, डब्यांच्या गुप्त संकेतांना कुलपं म्हणत, "कुलपं हटवा, माणसं वाचवा" असं पत्रक लिहून मामांपुढे ठेवलं. त्यांनी ते नीट वाचलं. "क्रांतीबेन, आधी जयंतीभाईंकडे जाऊन येऊ," म्हणाले आणि स्कूटर काढली. जयंतीभाई खाटेवर पडून होते. माझं पत्रक मी मोठ्या उत्साहाने समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "सायरन खोटी हती, बेन. हाडकुं साचुं भांग्युं." भोंगा खोटा होता, हाड मात्र खरंच मोडलं.

परतताना मामांनी सांगितलं, तपासणी काढली की जयंतीभाईंसारखे पडतात, ठेवली की पंपघरातले अडकतात, आणि तुझ्या पत्रकात यातलं एकच मावतंय. मग सगळंच छापू, मी म्हटलं, निरोपाला कुठे उशीर होतो, कसा होतो, सगळं. त्यांनी साफ नकार दिला. यंत्रणा कशी आहे ते छापलं तर कामगार वाचेल, तसा खोडी करणाराही वाचेल. तुमचं गप्प बसणं मॅनेजरच्या फायद्याचं आहे, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. आमचं बोलणं बंद झालं.

पुढे एक दिवस तेच आमच्याकडे आले. कागद मागून घेतला आणि गुजरातीत लिहिलं : वास आला की निघा, भोंग्याची वाट पाहू नका. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. नाव कशाला, तुमचं काम जाईल, मी म्हटलं. मामा हसले. "निनावी निरोपावर कुणी का विश्वास ठेवावा?"

मकरपुऱ्याच्या नाक्यावर, कंपनीच्या बसमध्ये चढणाऱ्यांच्या हातात आम्ही ती ओळ दिली. काम गेलंच. दुसऱ्या कारखान्यांनीही हळूहळू बोलावणं थांबवलं आणि मामा सोसायट्यांचे इंटरकॉम दुरुस्त करू लागले. त्यांनी याहून मोठ्याने ओरडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. आणि ओरडून नेमकं काय सांगायचं होतं, हे मला आजही सुचत नाही...

परवा त्याच नाक्यावर पंपघरातले हसमुखभाई भेटले. मामा गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, की नव्या ठेकेदाराने पंपघराच्या दाराला कार्ड दाखवून उघडायचं कुलूप लावलंय. आत जाताना कार्ड, बाहेर पडतानाही कार्ड. चाचणी घेताना मामा दाराच्या फटीत वीट सरकवून ठेवत, पटकन बाहेर पडता यावं म्हणून. पाळीवर आलेला पहिला माणूस अजूनही आधी वीट लावतो, मग पंपाकडे वळतो. तिला ते "शरदभाईची ईंट" म्हणतात. चौकीदार येतो, वीट उचलून नेतो.

"मग?" मी विचारलं.

"पछी शुं, बेन? बीजी मूकीए." मग काय, दुसरी ठेवतो.

"आणि एखाद्या दिवशी लावायची राहून गेली तर?"

हसमुखभाईंनी खिशातलं कार्ड चाचपून पाहिलं आणि ते बसमध्ये चढले.