पाली पळवायचं यंत्र

आमची आई एका मंगळवारी सकाळी अकरा ते बारा या वेळात वारली होती. त्याला जबाबदार मी.

आई दिघोरीला एकटी राहते. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखरे, आवाज खणखणीत. मी नागपूरला नोकरीला, ताई पवनीला सासरी. मागच्या वर्षी आई मोरीत घसरली आणि तीन दिवस कोणाला बोललीच नाही. कळल्यावर माझं धाबं दणाणलं.

"आई, चाल नागपूरले."

"तुह्या त्या तिसऱ्या मजल्यावर? तिथं बोलू कोणाशी? लिफ्टशी?"

विषय संपला. मग एका दुकानदारानं मला सेन्सर दाखवले. घरात म्हातारं माणूस हललं की मुलाच्या मोबाइलवर संदेश! मी चार घेतले. एक स्वयंपाकघरात, एक मोरीच्या दाराला (संडासही तिथंच), एक पुढच्या दाराला, आणि एक पातळ पट्टी गादीखाली. पलंगावर कोणी आहे का, हे ती पट्टी सांगते.

"हे काय लावून रायला रे?" आईनं विचारलं.

खरं सांगितलं असतं तर तिनं त्या सेन्सरच्या डब्या माझ्यासकट बाहेर फेकल्या असत्या. मी म्हणालो, "पाली पळवायचं यंत्र हाये."

(आठवड्याभरात त्यातल्या एका डबीवर पालच बसू लागली. पण तो मुद्दा वेगळा.)

संदेश फक्त मला यावेत, एवढी तरी अक्कल असावी! उत्साहाच्या भरात मी ते घरच्या ग्रुपला जोडले. ग्रुपवर ताई, भाऊजी, माझी बायको, आणि भाऊजींचे बंगलोरचे चुलतभाऊ. हे कधी आणि कशाला आले, ते आजही कोणाला माहीत नाही.

चौथ्या दिवशी ग्रुपवर झळकलं, 'मोरीचे दार: नऊ वेळा.' ताईनं लगेच फोन लावला.

"आई, पोट बिघडलं काय वो?"

"तुले कोणं सांगतलं?"

"असंच वाटलं."

दुसऱ्या दिवशी भाऊजी. "आई, दुपारी तीन-तीन तास झोपणं बरं नाही." तिसऱ्या दिवशी मी स्वतः. "पुढचं दार उघडं ठेवून कुठं गेलती?"

आई चक्रावली. घरात आपण एकट्या, मग नागपूर-पवनीला बातम्या पुरवतं कोण? समोरच्या ओट्यावर दिवसभर बसते शेवंतामावशी, आईची चाळीस वर्षांची मैत्रीण. आईनं निकाल दिला. "ते शेवंती माह्या मोरीवर नजर ठेवून रायली!"

बोलणं बंद. भाजीच्या वाटीचं जाणं-येणं बंद. बिचाऱ्या मावशीनं मला रडत फोन केला.

"बाबू, सरू माह्याशी काहून बोलत नाही रे? म्या काय केलं?"

तिनं काहीच केलं नव्हतं, हे जगात फक्त मला माहीत होतं. मी काय म्हणावं? "वय झालं, मावशी. होते असं!" इतका निर्लज्जपणा मला जमेल, असं मला वाटलं नव्हतं.

आणि तो मंगळवार उजाडला. धानकापणी सुरू होती. आईला शेतावर जायचं होतं, पण पुढच्या दारानं निघायचं तर मावशीचं तोंड बघावं लागणार! म्हणून तिनं पुढच्या दाराला आतून कडी घातली आणि मागच्या दारानं गेली. त्या दाराला सेन्सर नव्हता. त्याआधी, सकाळी सहाच्या आतच, तिनं गिरणीवरून आलेला तांदळाचा कट्टा, उंदरांनी फाडू नये म्हणून, आणणाऱ्या माणसाकडून पलंगावर ठेवून घेतला होता. वरून आपली चादर, नीट पांघरून.

अकराला ऑफिसात माझा मोबाइल वाजला. 'व्यक्ती पलंगावर आहे. पाच तास हालचाल नाही.'

आईला फोन लावला. उचलेना. (फोन घरातच होता.) लगेच मावशीला लावला.

"मावशी, धाव! आई पलंगावर हाये, हालून नाही रायली!"

नागपुरात बसून तुला कसं कळलं, हे विचारायला मावशी थांबली नाही. मुसळ घालून तिनं दाराची कडी तोडली. आत अंधार, पलंगावर चादरीखाली निपचित आकार. चादर वर करायची तिची छातीच झाली नाही. ती तशीच वर पडली आणि मिठी मारून तिनं हंबरडा फोडला.

"सरू वो! न बोलताच गेली माय माह्याशी!"

फोन चालूच होता. मी ऑफिसात जमिनीवर बसलो. दिघोरीत अंगण भरलं. ताई पवनीहून रडत एसटीत बसली. बंगलोरच्या चुलतभावांनी ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. ग्रुपवरचा त्यांचा तो पहिलाच संदेश!

बाराला हातात विळा घेऊन आई मागच्या दारानं आत आली. गर्दी पाहून शेवटच्या बाईला तिनं हळूच विचारलं, "कोण गेलं वो?"

ती बाई जी किंचाळली, ती थेट पारापर्यंत ऐकू गेली. मावशीनं मान वर केली.

"शेवंते," आई म्हणाली, "माह्या तांदळाले मिठी मारून कायले रडून रायली?"

मावशी उठली, आईच्या पाठीत एक धपका घातला, आणि तिच्याच गळ्यात पडून पुन्हा रडली.

अडीच तासांनी मी पोचलो तेव्हा अर्धं गाव माझी वाट पाहत होतं. मी सगळं कबूल केलं. डब्या, पट्टी, ग्रुप.

"म्हंजे माह्या मोरीचं दार तू बंगलोरपर्यंत उघडून देल्लं!"

लोक हसले. आई हसली नाही.

"परकास, पडली तं कोणाले कळलं पाहिजे, हे मले बी वाटते. भेव मले बी लागते रे. पण माह्या घरातलं कोणाले काय दिसन, हे मले इचारावं नाही लागत? अन् तुह्या पायी म्या शेवंतीले महिनाभर चोर ठरवलं!"

मी मावशीच्या पाया पडलो. तिनं कान धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

डब्या आईनं स्वतः काढल्या. त्याऐवजी गळ्यात घालायचं एक बटण तिनं मागून घेतलं. गरज पडली तर ती दाबेल, आणि संदेश मला आणि मावशीला जाईल. बाकी खबर ती स्वतः फोनवर देणार, आणि माझीही घेणार. तिच्या मते यालाच बरोबरी म्हणतात.

रोज सकाळी साडेदहाला, मी ऑफिसात खुर्चीत टेकलो की फोन येतो. "रात्री दोन डाव उठली, पोट साफ हाये. आता तुहं सांग." आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे उत्तर मोठ्यानं द्यावं लागतं. काल टपाल विभागातल्या मॅडम आल्या, आणि काही न बोलता माझ्या टेबलावर इसबगोलचा डबा ठेवून गेल्या.